मोबाइलमधला फोटो भिंतीवर येतो तेव्हा

नाशिकच्या गंगापूर रोडवरून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, “पुढच्या महिन्यात सासूबाईंची पंचाहत्तरी आहे. त्यांचा एक फोटो मोठा करून, फ्रेम करून त्यांना द्यावा असं मनात आहे. नणंदेच्या मुलीच्या लग्नातला एक फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. चांगली पंधरा-सोळा माणसं आहेत त्यात, पण सासूबाई इतक्या छान हसल्या आहेत म्हणून सांगू! तेवढाच चेहरा घेऊन मोठा करा म्हटलं, तर लॅबवाला म्हणतो, ‘ताई, फोटो फाटेल.’ अजून छापलाच नाही तर फाटेल कसा? मोबाइलवर तर अगदी स्वच्छ दिसतो. आणि फ्रेम घरच्या घरी करता येईल का, तेही सांगा.”

बाई, तुमचा लॅबवाला खरं तेच बोलला. त्याची भाषा तेवढी धंद्याची!

मोबाइलमधला फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी असं समजा. उंबऱ्यापुढे हातभर जागेत ठिपके जवळजवळ घेतले की रांगोळी कशी भरगच्च दिसते! तेवढेच ठिपके अंगणभर पसरले तर दोन ठिपक्यांमध्ये वीतभर जमीन दिसायला लागते. ठिपके तेच, जागा वाढली. मोबाइलचा पडदा उंबऱ्याएवढा, म्हणून तिथे सगळं स्वच्छ. भिंतीवरची फ्रेम म्हणजे अंगण. फोटो ‘फाटतो’ तो असा. कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात नि चेहरा धुक्यात गेल्यासारखा होतो.

आता थोडा हिशेब करू या. भाजीवाल्याशी करतो त्याहून अवघड नाही. आजकालचा बरासा मोबाइल साधारण ४००० ठिपके लांब आणि ३००० ठिपके रुंद असा फोटो काढतो. गुणाकार केला की एक कोटी वीस लाख होतात. दुकानदार यालाच बारा मेगापिक्सेल म्हणतो. हातात धरून पाहायच्या फोटोला दर इंचाला ३०० ठिपके मिळाले की उत्तम. म्हणजे ४ बाय ६ इंचाच्या फोटोला १२०० बाय १८०० ठिपके, ५ बाय ७ ला १५०० बाय २१००, आणि ८ बाय १० ला २४०० बाय ३०००. भिंतीवर टांगून चार पावलांवरून पाहायचा असेल तर इंचाला दीडशे-दोनशेवरही भागतं. म्हणून मोबाइलचा अख्खा फोटो १२ बाय १५ पर्यंत सहज मोठा होतो.

अख्खा, बरं का! तुम्हाला हवा आहे त्यातला एक चेहरा. सासूबाईंचा चेहरा नि खांदे मिळून फोटोच्या रुंदीचा आठवा भाग धरू. चार हजारांतले पाचशे ठिपके त्यांच्या वाट्याला आले. इंचाला दोनशे धरले तरी झाले अडीच इंच. आणि तो फोटो तुमच्या मोबाइलवर काढलेला नसून कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेला असला, तर गोष्ट आणखीच बिघडते. धाडताना तो फोटो दाबून लहान केला जातो. लांब बाजूला बहुधा सोळाशेच्या आसपास ठिपके उरतात. सोळाशेचा आठवा भाग दोनशे, म्हणजे एक इंच. पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो! तिकिटं आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापतात हे खरं, पण तिकीट काही कुणी भिंतीवर टांगत नाही.

तेव्हा पहिला नियम हा, की छापायचा तो मूळ फोटो. ज्याच्या मोबाइलनं काढला त्याच्याकडूनच मागवावा आणि ‘फोटो’ म्हणून न मागवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा; म्हणजे तो जसाच्या तसा येतो. २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एचडी’ची सोय झाली आहे, पण त्यातही थोडी काटछाट होतेच. स्टेटसवरून घेतलेला स्क्रीनशॉट तर छापायच्या कामाचा नाहीच. लॅबला देतानाही पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलनं मूळ फोटोच द्यावा. नाही तर इथवर जपलेलं सगळं शेवटच्या पायरीवर सांडायचं.

हल्ली अंधुक चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी ॲप निघाली आहेत. बोट लावलं की दोन मिनिटांत चेहरा लख्ख. मला ती या कामासाठी मुळीच पसंत नाहीत. जे ठिपके फोटोत नाहीतच ते ही ॲप आणणार कुठून? दुसऱ्या असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजानं ती ते भरतात. डोळे चकचकीत होतात, दात एका ओळीत येतात, गालावरचा तीळ नाहीसा होतो, कपाळावरचं गोंदण पुसलं जातं. फोटो सुरेख होतो, फक्त तो आपल्या माणसाचा राहत नाही. कुणीतरी मावशी वाटते लांबची.

मग करायचं काय? सोपं आहे. लग्नातला तो फोटो सगळ्यांचा म्हणून अख्खाच ८ बाय १० छापा. आणि सासूबाईंचा एकटीचा फोटो नवा काढा. आज-उद्याच काढा.

घाई का करते आहे ते सांगते. आपल्याच घरातले फोटो एकदा चाळून पाहा. मुलांचे शेकड्यांनी, कुलदैवताच्या नि महाबळेश्वरच्या सहलींचे ढिगांनी. घरच्या बाईचा एकटीचा, समोर बघत असलेला, नीट फोटो किती सापडतात? बहुतेक फोटोत ती कडेला असते, मागच्या रांगेत असते, नाही तर हातात ताट असतं. पुष्कळदा तर ती फोटोत नसतेच. फोटो तिनंच काढलेला असतो! सासूबाईंच्या पिढीत तर “माझा कशाला आता फोटो?” असं म्हणून पदर तोंडावर घेण्याचीच रीत.

आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सगळ्यांना ठाऊक आहेत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा त्यामागे सरस्वतीबाई फाळक्यांचे कष्ट केवढे होते! फिल्मच्या कडेला छिद्रं पाडण्याचं किचकट काम त्यांनी केलं, फिल्म धुण्याची रसायनं हाताळली, आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. दादासाहेबांचा चेहरा तिकिटावरही आला. सरस्वतीबाईंचा चेहरा आपल्यापैकी किती जणी ओळखतील?

आणि मग घरात एखादे दिवशी वाईट घडतं. वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यायची असते, माणसं जमलेली असतात, आणि मुलं आपापल्या मोबाइलमध्ये आईचा एकटीचा फोटो शोधत बसलेली असतात. शेवटी कुणाच्या तरी वास्तुशांतीच्या घोळक्यातून चेहरा कापून काढतात. शेजारणीच्या पदराचा तुकडा खांद्यावर तसाच राहतो. दहाव्याला रामकुंडावर जाऊन यायच्या आत फ्रेम हवी म्हणून रातोरात छापून घेतात, आणि तोच अंधुक फोटो पुढे पंचवीस वर्षं भिंतीवर राहतो. नातवंडांना आजी म्हणून तेवढीच माहीत होते. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. तुमच्याही पाहण्यात असेल.

काही घरांत अडचण वेगळीच असते. जिवंत माणसाचा एकट्याचा फोटो भिंतीवर लावू नये असा समज आहे. सासूबाई म्हणतील, “मला आत्ताच भिंतीवर टांगता काय ग?” हसून म्हणावं, “हार घालत नाही हो, फोटोच लावतेय.” तरी मन मानेना, तर टेबलावर उभी राहणारी फ्रेम करावी, नाही तर नातवंडाबरोबरचा फोटो शेजारी लावून जोडी करावी. त्यांचं मन मोडून लावलेल्या फोटोत काही राम नाही.

फोटो काढायला स्टुडिओच पाहिजे असं नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, जिथून उजेड येतो पण ऊन येत नाही अशी खिडकी किंवा गॅलरीचं दार पाहावं. त्यांना खिडकीकडे जरा तिरकं तोंड करून बसवावं, म्हणजे एका गालावर उजेड नि दुसऱ्यावर हलकी सावली येते. खिडकी त्यांच्या पाठीशी मात्र नको, चेहरा काळवंडतो. मोबाइल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. आपण उभं राहून वरून काढलेल्या फोटोत माणूस खुजं दिसतं. पुढचा सेल्फीचा कॅमेरा वापरू नये, मागचा वापरावा. बोटांनी चिमटीत ओढून मोठं करू नये. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जावं. अगदी नाकाशीही जाऊ नये, नाक मोठं येतं! चार-पाच फुटांवरून काढावा आणि डोक्यावर नि बाजूंना मोकळी जागा भरपूर ठेवावी. ती का, ते पुढे येईलच. भिंतीवरचं कॅलेंडर, दोरीवरचे टॉवेल आधी काढून ठेवावेत. आणि “हसा” म्हणू नये. गवार निवडायला द्यावी, नातवाला समोर बसवून काहीतरी विचारायला लावावं. वीस-पंचवीस फोटो काढले की एक तरी त्यांचा स्वतःचा निघतो. नेसायचं लुगडं, साडी, चष्मा ठेवायचा की काढायचा, हे त्यांचं त्यांनाच ठरवू द्यावं.

आता मोकळ्या जागेचं. मोबाइलच्या फोटोची लांबी-रुंदी चारास तीन या हिशेबात असते. लॅबचा ४ बाय ६ चा कागद मात्र सहास चार, म्हणजे तीनास दोन. दोन्ही जुळत नाहीत! उभ्या फोटोच्या बाजू नऊ भागांतला एक भाग कापल्या जातात. आडव्या फोटोत तेवढंच डोक्यावरचं नि पायाखालचं जातं. लग्नाच्या घोळक्यात मागच्या रांगेतल्या उंच भावजींचं कपाळ जातं ते यामुळेच. ८ बाय १० ला कापाकाप कमी, लांब बाजूचा सोळावा भाग. आणि लॅबमध्ये ६ बाय ८ चा कागद मिळत असेल तर काहीच कापावं लागत नाही. मोबाइलमध्येच ‘क्रॉप’ करताना हवं ते माप निवडून काय जातंय ते आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावं. मशीनवर सोडू नये. त्याला भावजी नि भिंत सारखेच.

यानंतरची नेहमीची तक्रार म्हणजे “मोबाइलवर उजळ होता, छापून काळपट आला.” साहजिकच आहे. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फेकत नाही. म्हणून छापायचा फोटो पाहताना पडद्याचा उजेड अर्ध्यावर आणावा आणि मगच ठरवावं. बहुधा उजेड थोडासा वाढवावा लागतो, आणि सावल्या किंचित मोकळ्या कराव्या लागतात. चिमूटभरच, हं! मिठासारखं आहे हे, घातलेलं काढता येत नाही. (मूळ फोटोची एक प्रत बाजूला ठेवून दुसरीवर प्रयोग केले तर मात्र काढता येतं.) ‘ब्यूटी’च्या बटणाला हातच लावू नये. सुरकुत्या घासून काढलेली, दोन छटा गोरी केलेली सासू घरात कुणालाच ओळखू येणार नाही. मोठा फोटो छापायच्या आधी तोच ४ बाय ६ छापून घ्यावा नि दिवसाच्या उजेडात, जिथे लावायचा त्या भिंतीशी धरून पाहावा. लॅबवाल्याला रंगात आपणहून बदल करू नका असं सांगून ठेवावं. काही मशीनं न विचारता उजळवतात.

घरी छापायचं की लॅबमध्ये, असंही पुष्कळजणी विचारतात. शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला शाईच्या टाकीचा रंगीत प्रिंटर घरात असेल तर लहान फोटो घरी जरूर छापावेत. त्यासाठी साधा कागद न घेता फोटोचा जाड कागद घ्यावा आणि प्रिंटरला तसं सांगावं. सेटिंगमध्ये साधा कागद तसाच राहिला तर शाई जास्त पडते नि फोटो चिकट होतो. कागद कडेनं धरावा, बोटांचं तेल त्यावर उमटतं. छापल्यावर पूर्ण एक दिवस मोकळ्या हवेत पसरून ठेवल्याशिवाय काचेमागे घालू नये, नाहीतर शाईतली वाफ काचेला आतून धरते. घरच्या प्रिंटरची शाई बहुधा पाण्याला भिते, एक थेंब पडला तरी पसरते. लॅबमधला फोटो रसायनांत धुतलेला असतो, तो त्या मानानं टिकाऊ. म्हणून माझं मत विचाराल तर भिंतीवरचा मोठा फोटो लॅबमध्येच करावा, आणि तोही चमकदार कागदावर न करता मॅट कागदावर. समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब त्यात पडत नाही.

आता फ्रेम. फ्रेम घरी करता येते का? लाकूड कापून चौकट जोडणं सोडलं तर बाकीचं सगळं येतं. चौकट तयार आणावी, काच नि पाठीमागच्या हार्डबोर्डासकट. आत काय नि कसं घालायचं ते मात्र आपल्या हातात ठेवावं. फोटो खराब होतात ते तिथेच.

फोटो काचेला कधीही टेकता कामा नये. जुन्या घरांतल्या तसबिरी आठवा. फोटोवर ओले डाग पडल्यासारखे दिसतात ना, ते काचेला चिकटलेले भाग असतात. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा आत शिरला की तो मऊ होतो नि काचेला धरतो. मग सोडवायला जावं तर चेहराच निघून काचेवर राहतो. म्हणून काच नि फोटो यांच्यामध्ये माउंट घालतात, जाड पुठ्ठ्याची खिडकीच म्हणा ना. शोभा येते ती येते, पण मुख्य काम फोटोला काचेपासून लांब ठेवायचं.

फोटो ८ बाय १० चा असेल तर चौकट १२ बाय १४ ची घ्यावी. माउंटचा पुठ्ठा चौकटीच्या मापाचा. त्यातली खिडकी मात्र फोटोएवढी कापू नये, फोटो पुढे घसरून पडेल. पावणेआठ बाय पावणेदहा इंच कापावी, म्हणजे चारी बाजूंनी फोटोची एक सूत कड खिडकीमागे दबते. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारकामात हेच माप चालतं.) डाव्या-उजव्या बाजूला दोन इंच एक सूत जागा सोडावी, वर दोन इंच आणि खाली सव्वादोन. खाली किंचित जास्त सोडलं नाही तर फोटो घसरल्यासारखा वाटतो. कापायला नवी कोरी पाती आणि स्टीलची पट्टी घ्यावी. खाली जुना पुठ्ठा ठेवावा, आणि एका दमात न कापता हलक्या हातानं दोन-तीनदा पाती फिरवावी. कोपऱ्यात पाती पुढे जाऊ देऊ नये. पहिला माउंट रद्दी पुठ्ठ्यावर करून पाहावा. हात बसत नसेल तर माप लिहून फ्रेमवाल्याकडून कापून आणावा, त्यात कमीपणा नाही. पुठ्ठा आम्लरहित मिळाला तर तोच घ्यावा. साध्या पुठ्ठ्यानं फोटोच्या कडा काही वर्षांनी पिवळ्या पडतात.

फोटो चिकटवायचा कसा? पीठ शिजवून केलेली खळ, फेव्हिकॉल, सेलोटेप, यांपैकी काहीही फोटोला लावू नका! खळीनं कसर लागते, फेव्हिकॉलनं लाटा येतात, सेलोटेप पिवळी पडून डाग सोडते. जुन्या अल्बमच्या काळ्या पानांवर फोटो बसवायला कागदी कोपरे असत, आठवतात? तेच उत्तम. मिळाले नाहीत तर चांगल्या पांढऱ्या कागदाच्या इंचभर पट्ट्या दुमडून घरी करता येतात. कोपरे माउंटमागच्या पुठ्ठ्याला चिकटवावेत, फोटोला नाही. फोटो नुसता त्यांत अडकवावा आणि केसभर सैल ठेवावा. आपल्याकडे कागद जुलै-ऑगस्टमध्ये फुगतो नि एप्रिल-मेमध्ये आकसतो. चारी बाजूंनी जखडला की पापडासारखा वाकतो.

बंद करायला कोरडा दिवस निवडावा. काच आदल्या दिवशी धुऊन, पुसून पूर्ण वाळवावी. काच, माउंट, फोटो, मागचा पुठ्ठा, हार्डबोर्ड असा क्रम. हार्डबोर्डाच्या आत वर्तमानपत्र कोंबू नये, ते स्वतः पिवळं होतं नि फोटोलाही करतं. खिळे मारून झाले की मागून चौकटीच्या कडेवर खाकी कागद ताणून चिकटवावा. इथे खळ नको, पण फेव्हिकॉल चालेल, कारण तो फोटोला लागत नाही. धूळ, मुंग्या नि कसर यांना मग वाट राहत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बाटलीच्या बुचाच्या दोन चकत्या लावाव्यात. चौकट भिंतीपासून तेवढी सुटी राहते नि मागून वारा खेळतो. आपल्या आज्यांच्या वाड्यांत तसबिरी पुढे कललेल्या असायच्या, त्यामागे चिमण्या घरटी करायच्या. पसारा व्हायचा खरा, पण भिंतीची ओल तसबिरीला लागत नसे.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर ती सोडावी. ज्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं तीही सोडावी. उन्हानं रंग उडतात, त्यावर काचेचा इलाज पुरता चालत नाही. न्हाणीघराची सामाईक भिंत आणि गॅसच्या ओट्याजवळची जागाही नको. फोटोचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला बरोबर येतो. आपण सगळे छताजवळ टांगतो. का, कोण जाणे!

घरात गेलेल्या माणसांचे फोटो असतील तर त्यांच्याबद्दल दोन शब्द. काचेला हळद-कुंकू लावताना ते ओलं असतं, आणि ताज्या हाराचं पाणी काचेवरून ओघळून खालच्या फटीत शिरतं. या तसबिरी नेहमी खालूनच का कुजतात, ते यावरून कळेल. कुंकू कोरडं, बोटाच्या टोकानं लावावं. हार झटकून, पाणी निथळून मग घालावा आणि संध्याकाळी काढावा. उदबत्ती तसबिरीच्या पायाशी न लावता हातभर बाजूला लावावी. आणि एखादा जुना फोटो काचेला चिकटलेला असेल तर सोडवायच्या भानगडीत पडू नका. आहे तसा, काचेसकटच, उजेडात ठेवून त्याचा मोबाइलवर फोटो काढा. काचेत स्वतःचं प्रतिबिंब पडू नये म्हणून मोबाइलमागे काळी ओढणी धरायला कुणाला तरी सांगा. सुटे जुने फोटो मात्र स्कॅन करून घ्यावेत. ४ बाय ६ चा फोटो ६०० च्या मापानं स्कॅन केला की २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात, आणि तेवढ्यात ८ बाय १२ पर्यंत मजल जाते.

राहता राहिलं नाव. फोटोच्या पाठीवर बॉलपेननं लिहू नये, पुढच्या बाजूला वळ उमटतो. आणि आजकालच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही. म्हणून आतल्या पुठ्ठ्यावर नि बाहेरच्या खाकी कागदावरही पेन्सिलीनं लिहावं : पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव, फोटोची तारीख आणि काढणारीचं नाव. माहेरचं नाव सासूबाईंना विचारूनच लिहा. त्या सांगायला बसल्या की आणखीही पुष्कळ सांगतील, तेव्हा चहा आधीच टाकून ठेवा. फोटोची दुसरी प्रत त्यांच्या लेकीला द्यायला विसरू नका.